एकीच्या दोन, दोघींच्या चार... आणि थांबा!

"मराठी विभागासाठी काहीतरी लिही," असं एडिटरनी सांगितलं तेव्हा मी आधी हसलेच. पहिलीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंट, पुढे जर्नल इंग्लिश, व्हायव्हा इंग्लिश. माझं मराठी म्हणजे मेसच्या मावशींशी आणि घरच्यांशी फोनवर! ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर आधीच माफी मागते. पण गेल्या वर्षी एक विषय मला मराठीतच समजावून सांगावा लागला, कारण ज्या व्यक्तीला तो समजून घ्यायचा होता तिला इंग्लिश येत नाही. विषय होता पेशींचं विभाजन, आणि ती व्यक्ती म्हणजे माझी आत्या.

आत्या गावाकडे शिवणकाम करते. ब्लाउज, परकर, फॉल-बिडिंग, शाळेचे युनिफॉर्म. गेल्या वर्षी तिच्या मानेजवळ एक गाठ आली. दुखत नव्हती, म्हणून चार महिने तिनं कोणाला सांगितलंच नाही. नंतर बायोप्सी झाली आणि लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर निघाला. दर एकवीस दिवसांनी एक, अशा सहा केमोथेरपी ठरल्या. मी इन्स्ट्रुमेंटेशनची विद्यार्थिनी. अकरावीत बायोलॉजी सोडून इलेक्ट्रॉनिक्स घेतलं तेव्हा किती आनंद झाला होता! पण घरात 'इंजिनिअरिंगला आहे' म्हणजे सगळं येत असणार, असा समज असतो. दुसऱ्या केमोनंतर आत्याचा हॉस्टेलवर फोन आला. तिचे दोन प्रश्न होते.

"गाठ मानेत आहे ना गं? मग केस का गेले?"

आणि, "हे एकवीस दिवस थांबायचं कशाला? एकदमच देऊन टाकायचं ना सगळं औषध!"

मला एकाचंही उत्तर येत नव्हतं. "विचारून सांगते" म्हणून फोन ठेवला. मग लायब्ररीतली पुस्तकं, नेट, आणि सगळ्यात उपयोगी पडलं ते माझ्या आतेभावाचं दहावीचं मराठी माध्यमाचं विज्ञानाचं पुस्तक. जे हाती लागलं ते इथे लिहिते आहे. दोन्ही प्रश्नांची उत्तरं शेवटी येतील, पण त्याआधी पेशी दोन कशी होते ते बघावं लागेल.

पेशी येते कुठून?

पेशी फक्त पेशीपासूनच तयार होते. आज हे अगदी साधं वाटतं, पण रुडॉल्फ फिर्खो या जर्मन डॉक्टरनं १८५५ मध्ये ते ठासून मांडलं, तोपर्यंत बऱ्याच शास्त्रज्ञांना वाटायचं की पेशी कुठल्यातरी द्रवातून आपोआप गोठत असावी. आपल्या शरीरात आज साधारण ३० लाख कोटी पेशी आहेत, आणि त्या सगळ्या आईच्या पोटातल्या एकाच पेशीपासून आल्या आहेत. एकीच्या दोन, दोघींच्या चार, चौघींच्या आठ...

आणि हे काम जन्मल्यावर संपत नाही. हाडांच्या आतला मगज (बोन मॅरो) दर सेकंदाला साधारण वीस लाख तांबड्या पेशी तयार करतो. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून ही भरती सतत चालूच ठेवावी लागते. आतड्याचं आतलं अस्तर तर चार-पाच दिवसांत नवीन होतं. म्हणजे तुम्ही हे वाचताय तेवढ्या वेळात तुमच्या शरीरात कोट्यवधी पेशी तयार झाल्या. फी न भरता!

आधी कॉपी, मग वाटणी

दोन होण्याआधी पेशीला एक मोठं काम करावं लागतं. प्रत्येक पेशीच्या केंद्रकात डीएनए असतो, म्हणजे शरीर कसं बांधायचं आणि चालवायचं याची संपूर्ण लिखित सूचना. एका पेशीतला डीएनए सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरतो. त्यात ६०० कोटींच्या आसपास 'अक्षरं' असतात. नवीन होणाऱ्या दोन्ही पेशींना ही पूर्ण वही मिळायला हवी, म्हणून आधी सगळ्याची कॉपी काढावी लागते.

कॉपी कशी काढतात हे हॉस्टेलवाल्यांना सांगायला नको. सबमिशनच्या आदल्या रात्री एकाचं जर्नल विंगभर फिरतं आणि पहिल्यानं 'रीडिंग ४.७' ऐवजी '७.४' लिहिलं असेल, तर सकाळी बारा जणांच्या जर्नलमध्ये ७.४ असतं. पेशीला हा धोका माहीत असल्यासारखी ती वागते. कॉपी काढणारी यंत्रणाच लिहिता लिहिता मागे वळून तपासते आणि चुकलेलं अक्षर खोडते. त्यातूनही जे निसटतं, ते पकडायला मागून दुसरी यंत्रणा येते. सगळं तपासून झाल्यावर उरणारी चूक साधारण शंभर कोटी अक्षरांमागे एक! एवढ्या अचूकतेनं जर्नल उतरवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

आता वाटणी. दोन मीटरचा धागा सुटा ठेवला तर त्याचा गुंता होणार. म्हणून पेशी तो गुंडाळून आखूड, जाड करते. माणसात असे ४६ तुकडे असतात, ती गुणसूत्रं. वाल्थर फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञानं सॅलॅमँडर नावाच्या सरड्यासारख्या दिसणाऱ्या उभयचर प्राण्याच्या पेशी कृत्रिम रंगांनी रंगवून मायक्रोस्कोपखाली पाहिल्या, तेव्हा त्याला हे धागे हलताना, रांगेत उभे राहताना आणि दोन्हीकडे ओढले जाताना दिसले. १८८२ साली त्यानं आपल्या पुस्तकात हा सगळा क्रम चित्रांसह छापला. या विभाजनाला त्यानं 'मायटॉसिस' नाव दिलं, ग्रीकमधल्या 'धागा' या शब्दावरून. शाळेत हा शब्द मी न समजता पाठ केला होता. आतेभावाच्या पुस्तकात तेच 'सूत्री विभाजन' असं वाचलं आणि अर्थ लगेच कळला. सूत्र म्हणजे धागाच की! दहा वर्षं कॉन्व्हेंटमध्ये काढून जे डोक्यात शिरलं नाही, ते एका मराठी शब्दानं शिरलं.

क्रम असा : कॉपी झाल्यामुळे प्रत्येक गुणसूत्र जोडीनं असतं, दोन सारखे धागे मधोमध चिकटलेले. पूर्वावस्थेत ते जाड होऊन दिसू लागतात. मध्यावस्थेत सगळे पेशीच्या मध्यावर ओळीत उभे राहतात. पेशीच्या दोन टोकांकडून बारीक तंतू येतात, त्यांना तर्कुतंतू म्हणतात (तर्कु म्हणजे चाती, सूत कातायची). ते प्रत्येक जोडीतल्या एकेका धाग्याला पकडतात. पश्चावस्थेत जोड्या सुटतात आणि धागे विरुद्ध टोकांना ओढले जातात. अंत्यावस्थेत दोन्हीकडे नवीन केंद्रक तयार होतं, पेशी मधे आवळली जाते आणि एकीच्या दोन होतात. भराभर वाढणाऱ्या मानवी पेशीला ही पूर्ण फेरी करायला साधारण चोवीस तास लागतात. त्यातली ही शेवटची ओढाताण फक्त एखाद तासाची, बाकी सगळा वेळ तयारीचा. इथे मात्र पेशी आपल्यापेक्षा शहाणी, आपलं बरोबर उलटं असतं!

आत्याला हा भाग मी शिवणाच्या भाषेत सांगितला. एका कापडातून दोन ब्लाउज बेतायचे, तर आधी माप, मग खुणा, आणि सगळं जुळलं की कात्री. ती म्हणाली, "बरोबर. कात्री मारायला वेळ लागतच नाही. बेतायलाच लागतो."

तीन सह्या

मला स्वतःला सगळ्यात आवडला तो पुढचा भाग, कारण तो चक्क कंट्रोल सिस्टिम आहे.

पेशी मनाला येईल तेव्हा दोन होत नाही. वाटेत तपासणीचे नाके असतात. आपल्याकडे प्रॅक्टिकलची सही झाल्याशिवाय पुढच्या प्रॅक्टिकलला बसू देत नाहीत ना, तसंच. पहिली सही : विभाजनाची गरज आहे का? पेशी पुरेशी मोठी झाली का, अन्न आहे का, आजूबाजूच्या पेशींकडून 'हो' असा निरोप आला का, डीएनए धड आहे का? दुसरी सही : सगळ्या डीएनएची कॉपी पूर्ण झाली का, काही मोडतोड राहिली का? तिसरी सही ऐन मध्यावस्थेत : सगळी गुणसूत्रं दोन्ही बाजूंच्या तर्कुतंतूंना नीट अडकली का? ४६ पैकी एक जरी सुटं राहिलं तरी बाकी ४५ जणांना थांबावं लागतं.

हे नाके आणि त्यांच्यामागचं घड्याळ शोधल्याबद्दल २००१ साली तिघांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. लेलँड हार्टवेल यांनी पाव फुगवणाऱ्या यीस्टवर काम केलं. टिम हंट यांना १९८२ मध्ये सी-अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या अंड्यांत एक प्रथिन सापडलं. ते हळूहळू साठत जातं, विशिष्ट पातळीला पोचलं की विभाजन होतं, आणि लगेच पेशी ते मोडून टाकते. पुन्हा शून्यापासून सुरुवात. म्हणजे आपल्या ५५५ टायमरमधला कपॅसिटर चार्ज-डिस्चार्ज होतो तसंच! त्याला नाव मिळालं सायक्लिन. तिसरे पॉल नर्स. त्यांच्या टीमनं १९८७ मध्ये एक भन्नाट गोष्ट दाखवली. विभाजन सुरू करणारं जनुक बिघडलेल्या यीस्टमध्ये त्यांनी माणसाचं जनुक घातलं, आणि ते यीस्ट पुन्हा व्यवस्थित दोन होऊ लागलं. यीस्ट आणि आपण यांच्या वाटा वेगळ्या होऊन शंभर कोटी वर्षांहून जास्त काळ लोटला, तरी हा पार्ट अजून फिट बसतो. आपल्या चार्जरची पिन मात्र दोन वर्षांत बदलते.

अजून एक गोष्ट. मोठ्या माणसाच्या शरीरातल्या बहुतेक पेशी बहुतेक वेळ विभाजनाच्या रांगेत नसतातच. त्या आपापलं काम करत स्वस्थ असतात. लिव्हरचा तुकडा कोणाला दान केला की उरलेल्या लिव्हरच्या पेशी जाग्या होतात, काही आठवड्यांत बरीचशी भर काढतात आणि पुन्हा स्वस्थ बसतात. बोट कापलं तर कडेच्या पेशी वाढून जखम भरते, आणि भरली की वाढ थांबते. भरून येण्याएवढंच हे थांबणंही महत्त्वाचं आहे. ते झालं नसतं तर प्रत्येक खरचटण्याची गाठ झाली असती.

सही न घेता पुढे

कॅन्सर म्हणजे काय, ते आता एका वाक्यात सांगता येईल. नाक्यावर न थांबता पुढे जाणारी पेशी. नाके सांभाळणारी प्रथिनं तयार करायच्या सूचनाही त्याच डीएनएमध्ये असतात. कॉपीतली चूक नेमकी तिथे पडली, किंवा तंबाखूसारख्या गोष्टीनं तेच पान खराब केलं, तर पहारेकरीच नाहीसा होतो. पी-५३ नावाचं एक प्रथिन आहे. डीएनए मोडलेला दिसला की ते पेशीला थांबवतं, आणि दुरुस्ती जमत नसेल तर पेशीला स्वतःहून मरायला लावतं. सगळे कॅन्सर मिळून पाहिले तर जवळजवळ निम्म्यांत हे पी-५३ बिघडलेलं असतं. अर्थात एका चुकीनं सहसा कॅन्सर होत नाही. बऱ्याच वर्षांत एकावर एक अशा अनेक चुका जमाव्या लागतात, म्हणून तो वाढत्या वयात जास्त दिसतो.

मग हिशोब आपल्या ओळखीचा. दोनाचा तिसावा घात म्हणजे सुमारे १०७ कोटी. साधारण शंभर कोटी पेशींची गाठ एक ग्रॅमच्या आसपास, मोठ्या हरभऱ्याएवढी. म्हणजे हाताला लागते तेव्हा तिच्या तीस दुपटी होऊन गेलेल्या असतात. आणखी फक्त दहा दुपटी झाल्या तर एक किलो! प्रत्यक्षात बऱ्याच पेशी मरतात, त्यामुळे वाढ एवढी सरळ नसते. पण 'दुखत नाही ना, बघू पुढच्या महिन्यात' हे का म्हणू नये, ते या हिशोबावरून मला कळलं.

आत्याच्या प्रश्नांची उत्तरं

केस का गेले? कारण केमोच्या औषधांना गाठ ओळखता येत नाही. त्यांना एवढंच कळतं की आत्ता कोण दोन व्हायला निघालंय. आत्याच्या चार औषधांपैकी दोन डीएनए खराब करतात. त्यातलं एक लालभडक असतं, आत्या त्याला कोकम सरबत म्हणायची. तिसरं, व्हिनक्रिस्टिन, तर्कुतंतू बनूच देत नाही. त्यामुळे गुणसूत्रं मध्यावर उभी राहतात, पकडायला तंतू येत नाहीत, तिसरी सही मिळत नाही आणि अडकून पडलेली पेशी मरते. चौथी स्टेरॉइडची गोळी. आता शरीरात भराभर दोन होणाऱ्या पेशी आणखी कुठे असतात? केसांच्या मुळाशी, तोंडाच्या आणि आतड्याच्या अस्तरात, हाडांच्या मगजात. म्हणून केस जातात, तोंड येतं, रक्तातल्या पेशी कमी होतात.

मग एकवीस दिवस का? कारण मगजातल्या निरोगी पेशींना थांबणं आणि सावरणं अजून येतं. औषधानंतर साधारण दहाव्या ते चौदाव्या दिवशी पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात, आणि एकविसाव्या दिवसापर्यंत मगज पुन्हा भरती करून घेतो. कॅन्सरच्या पेशींना असं सावरणं तेवढं जमत नाही. आणि एका वेळेस सगळ्या मरतही नाहीत, ठराविक टक्केच मरतात. समजा ९९ टक्के मेल्या, तरी शंभर कोटींतल्या एक कोटी उरल्याच. म्हणून पुन्हा, पुन्हा, सहा वेळा. सगळं औषध एकदम दिलं तर मगजच संपेल.

हे फोनवर सांगितलं तेव्हा आत्या बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे केस गेले ते औषध लागू पडतंय म्हणून नाही, आणि माझं काही चुकलं म्हणूनही नाही. ते मधे सापडले बिचारे."

कुंपणातलं औषध

चौथ्या केमोच्या सुमाराला शेजारच्या काकू सदाफुलीच्या पानांचा रस घेऊन आल्या. "कॅन्सरचं औषध याच्यापासूनच करतात, इंजेक्शनं कशाला टोचून घेतेस?" मी हसण्यावारी नेणार होते, पण यातली पहिली गोष्ट खरी आहे! सदाफुली मूळची मादागास्करची, आपल्याकडे दारोदारी रुजली. १९५२ मध्ये जमेकाहून तिची पानं कॅनडातल्या क्लार्क नोबल या डॉक्टरकडे आली, कारण तिकडे मधुमेहावर तिचा चहा घेत असत. त्यांचे भाऊ रॉबर्ट नोबल यांनी ती उंदरांवर तपासली. साखर काही उतरली नाही, पण पांढऱ्या पेशी एकदम खाली आल्या. पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात अशा रोगांवर याचा उपयोग होईल, हे त्यांच्या लक्षात आलं. १९५८ मध्ये त्यांनी आणि चार्ल्स बिअर यांनी व्हिनब्लास्टिन वेगळं केलं. व्हिनक्रिस्टिन त्याचंच भावंड, अमेरिकेत त्याला १९६३ मध्ये मान्यता मिळाली.

पण एक ग्रॅम व्हिनक्रिस्टिनसाठी शेकडो किलो वाळलेली पानं लागतात. आणि एका वेळेचा डोस जास्तीत जास्त दोन मिलिग्रॅम, तोही फक्त शिरेतून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. वाटीभर रसात ते किती आहे कोणाला माहीत? शिवाय पानांत इतर कितीतरी विषारी द्रव्यं असतात. डॉक्टरांनी रस घ्यायला स्पष्ट नाही सांगितलं. काकूंचा मान राखून आत्यानं तो झाडालाच घातला.

व्हिनक्रिस्टिननं एक गोष्ट मात्र हिरावली. तर्कुतंतू ज्या बारीक नळ्यांचे बनतात, तशाच नळ्या मज्जातंतूंमध्ये रुळांसारख्या असतात. पाठीच्या कण्यापासून बोटांच्या टोकापर्यंत सगळा माल त्यांच्यावरून जातो. मज्जापेशी दोन होत नाहीत, पण त्यांचे रूळ उखडतात, आणि सगळ्यात लांबचं स्टेशन आधी बंद पडतं. आत्याची बोटं बधिर झाली. सुई हातात आहे की नाही ते तिला बघितल्याशिवाय कळेना. केस गेल्यावर न रडलेली आत्या सुईत दोरा ओवता आला नाही तेव्हा रडली.

हे हॉस्टेलच्या मॅगझिनमध्ये का?

तिसऱ्या केमोनंतर तिचं हिमोग्लोबिन खूप उतरलं आणि रक्ताच्या दोन बाटल्या लागल्या. घरात देण्यासारखं कोणी नव्हतं. मी रात्री मेसमध्ये सांगितलं, आणि सकाळी साडेसातला बॉइज हॉस्टेलचे दोन सीनियर, त्यातल्या एकाची त्या दिवशी मशीन डिझाइनची टेस्ट, एसटीत माझ्यासोबत होते. नावं छापू नकोस, असं दोघांनी बजावलंय. त्यांचं रक्त गेलं, पण त्यांच्या मगजानं एकीच्या दोन, दोघींच्या चार करत काही आठवड्यांत भर काढली. निसर्गानं दिलेलं हे इतकं भरवशाचं विभाजन आपल्याकडे फुकट आहे. वय अठराच्या वर, वजन ४५ किलोंच्या वर आणि तब्येत ठीक असेल, तर मुलांना तीन आणि मुलींना चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येतं. एनएसएसच्या पुढच्या शिबिराला बिस्किटांसाठी का होईना, पण या!

आत्याचे सहाही डोस मार्चमध्ये संपले. शेवटच्या स्कॅनमध्ये गाठ दिसली नाही. अजून काही वर्षं दर थोड्या महिन्यांनी तपासणी आहे, त्यामुळे 'संपलं' असं आम्ही घरात कोणी म्हणत नाही. डोक्यावर इंचभर केस आलेत, तेही कुरळे, याचं तिला फार हसू येतं. बोटं अजून पूर्ण शुद्धीवर आलेली नाहीत. दोरा आतेभाऊ ओवून देतो, शिवण तिचीच असते.

गेल्या रविवारी तिनं मला माझ्या पंजाबी ड्रेसची बाही शिवून पाठवली. टाके थोडे वाकडे आहेत. मी तीच घालून हा लेख लिहायला बसले.